बाबांच्या भिंतीवर उधाणाची रेघ

लग्नाला बारा वर्षं झाली, पण माझ्या बाबांनी जावयाकडे कधी काही मागितलं नव्हतं. म्हणून मार्चमध्ये एका संध्याकाळी, चाकणहून कंपनीच्या बसने घरी येताना त्यांचा फोन आला, तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली.

"नवनाथरावांची ती लेव्हलची नळी हाय ना, ती घेऊन या दोघं," बाबा म्हणाले. "रविवारी अमावास्या. मोठं उधाण येईल. गावातल्या सगळ्या घरांची जोती मापायचीत."

नवनाथ म्हणजे माझा नवरा. चऱ्होलीत जन्मला, चऱ्होलीतच वाढला आणि आता तिथल्याच नव्या सोसायट्यांच्या साइटवर सुपरवायझर आहे. बांधकामावर एक लांब पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरून दोघांनी दोन टोकं धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं. त्यावरून भिंती सरळ रेषेत येतात. मी कंपनीत सुट्या भागांची मापं तपासते, त्यामुळे मापण्याच्या कामाला आमच्या घरात नाही म्हणणारं कुणी नाही.

"मामांनी स्वतः मागितली?" नवनाथने विचारलं. "व्हय म्हण त्यास्नी. नवी नळीच घेऊन जाऊ."

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, माणगाव आणि पुढे म्हसळ्याकडून किनारा. निवांत गेलात तर सहा तास धरा. घाटाच्या आधी मुळशीत नाश्ता उरका, गाडीची टाकी माणगावला भरा. म्हसळ्यानंतर रस्ता अरुंद आहे आणि फोनला रेंज येते-जाते. घाट उतरल्यावर काचा खाली करा. हवेला मिठाचा वास यायला लागला की मी दरवेळी गप्प होते. नवनाथला हे माहीत आहे. तो तेवढा वेळ गाणी बंद ठेवतो.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी आहे. पूल होण्याआधी इथे 'तर' चालायची, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. बाबा आयुष्यभर त्या तरीवर होते. धक्क्याची प्रत्येक पायरी त्यांना ओळखीची. पूर्वी उधाणाला वरच्या दोन पायऱ्या कोरड्या राहायच्या, आता एकच राहते, हे गावात सगळ्यात आधी त्यांनी सांगितलं. लोक हसले. मग बाबा दर अमावास्येला आणि पौर्णिमेला वहीत पायरी लिहायला लागले. वह्या साठत गेल्या तसं हसणं थांबलं.

दुपारी सुशीलाकाकींकडे जेवलो. त्या शेजारीच राहतात आणि पाहुण्यांना जेवण देतात. सकाळी फोन केला तर कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मिळते. पण काकींचं गावातलं खरं काम वेगळं आहे. बचत गटाच्या बायका दर महिन्याला विहिरींचं पाणी तपासतात. एका कॉलेजने त्यांना खारटपणा मोजायचं छोटं यंत्र दिलंय.

"यंत्र नंतर सांगतं," काकी म्हणाल्या, "माझ्या जिभेला आधी कळतं. आमची खालची विहीर आता फक्त भांड्यांना. डाळ शिजत नाय त्या पाण्यात."

खाडीच्या कडेला बायकांनी लावलेली कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं गुडघाभर झाली होती. लाटेचा जोर ती अडवतात. आणि गावाने ठरवलं होतं की मोठ्या उधाणाच्या पाण्याच्या एक हात वर प्रत्येक घरावर रेघ मारायची. वादळात पाणी तिथवर चढू शकतं. ज्याचं जोतं, म्हणजे घराचा चौथरा, रेघेखाली, त्याने शाळेमागच्या माळावर हळूहळू घर हलवायचं. जागा गावची.

संध्याकाळी बाबांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. खाडीकडे बघणारी ही खिडकी आईने हट्टाने पाडून घेतली होती. तरीची होडी पलीकडून निघाली की आई तांदूळ धुवायची आणि बाबा घरी येईपर्यंत भात तयार असायचा. आईला जाऊन तीन वर्षं झाली.

"आपलं जोतं वर आहे ना बाबा?" मी विचारलं.

"आसंल की," ते म्हणाले. "माझ्या आजाने उंच घेतलेलं."

रविवारी साडेबाराच्या सुमाराला सगळं गाव धक्क्यावर जमलं. वारा नव्हता. पाणी आवाज न करता वर येत होतं. नवनाथ खिळा आणि हातोडी घेऊन धक्क्याच्या खांबापाशी उभा होता.

"थांबा, आजून चढतंय," बाबा म्हणत राहिले. नवनाथला काहीच हलताना दिसत नव्हतं. मग एका क्षणी बाबांनी हात वर केला. "हां. आता मारा."

खिळ्याच्या एक हात वर खूण केली आणि तिथून नळी घरोघर निघाली. एक टोक नवनाथकडे, दुसरं बाबांकडे, रंगाचा डबा माझ्याकडे. पहिल्या चार घरांची जोती रेघेच्या वर निघाली. त्या घरच्या बायकांनी आम्हाला सरबत दिलं. सुशीलाकाकींची रेघ मात्र दाराच्या उंबऱ्यावर आली. काकी आत निघून गेल्या.

मग आमचं घर. बाबांनी नळी स्वतःच्या भिंतीला टेकवली. पाणी हललं, डुचमळलं, थांबलं. जोत्यापेक्षा चांगलं चार बोटं वर. मापं तपासणं हा माझा रोजचा धंदा आहे, तरी मला ते वाचता येईना.

नवनाथ पटकन म्हणाला, "मामा, नळीत बुडबुडा हाय. हे खरं न्हाई. परत बघू."

बुडबुडा नव्हता. मी बघितलं होतं, बाबांनीही.

"नवनाथराव," बाबा हळू आवाजात म्हणाले, "वीस घरांवर रेघ मारायची, आणि माझ्या घरी बुडबुडा? मारा."

नवनाथचा हात पुढे येईना. तेव्हा बाबांनी माझ्याकडून ब्रश घेतला आणि खिडकीखालून भिंतभर निळी रेघ स्वतः ओढली. ब्रश परत देताना त्यांनी माझी बोटं थोडा वेळ धरून ठेवली.

संध्याकाळी शाळेत बैठक होती. सुशीलाकाकी उभ्या राहिल्या. "आमी खाडीची माणसं. माळावर जाऊन काय करू? आणि तिथं पाणी कोण देणार?"

वाद वाढला. मग बाबा उठले. "माझं नाव पयलं लिहा. पण सुशीला बोलते ते खरं. आधी वर नळ, मग घरं." हे मात्र सगळ्यांना पटलं, आणि काकींनी दुसरं नाव स्वतःचं लिहायला सांगितलं.

घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, "चला ना आमच्याकडे. आठव्या मजल्यावर राहतो आम्ही."

"नाय गो बाय," ते हसले. "तिथं मी जिवंत राहीन, पण करू काय? इथं पायरी कोण बघंल?"

सोमवारी परतलो. घाटात नवनाथने चहासाठी गाडी थांबवली. मग म्हणाला, "आमच्या चऱ्होलीच्या नदीचं पाणी पुरात कुठवर आलं हुतं, ते आत्याला इचारतो." पुढच्या रविवारी तो खरंच म्हाताऱ्या आत्याला घेऊन चऱ्होलीभर फिरला. तिने एका नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून पुराचं पाणी आलेली जागा दाखवली. नवनाथने तेही लिहून ठेवलं.

माळावर नळ आला आणि पावसाळ्याआधी बाबा तिथे बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला गेले. घरातल्या फळ्या, कवाडं गावानेच खांद्यावरून वर नेली. तिथल्या पहिल्या सकाळी मी कंपनीच्या बसमधून फोन केला.

"झोप लागली का बाबा?"

"लागली. उठून खाली जाऊन आलो. घर झाडलं."

"रिकामं घर कशाला झाडता?"

"एवढी वर्षं राहिलो त्यात," ते म्हणाले. "पानी यायचं तेव्हा येईल. आलं तर झाडलेल्या घरात येऊ दे."

बस चाकणच्या चौकात अडकली होती. शेजारच्या सीटवरच्या बाईने मला आपला रुमाल दिला.