पायाळूचा पाय

“पायाळू हाय माय, पायाळू! साऱ्या तीर्थपुरीची उसण हीच काढती का न्हाई बघ,” असं म्हणत मावशी माझ्या तान्ह्या लेकीचे तळवे आपल्या कमरेला लावायची. लेक पायांकडून जन्मली होती ना! उसण भरलेल्या पाठीला पायाळूची लाथ लागली की दुखणं पळतं, हे तुम्हीही ऐकलं असेल.

मावशी आमच्या गल्लीतली न्हाऊ घालणारी. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. पायरीवरूनच ओरडत यायची, “पाणी तापलं का, जल्दी सांगा!” मला आई नाही. बाळंतपणात डोक्यावरून हात फिरवला तो तिनंच, आणि पंखा लावला म्हणून शिव्याही तिच्याच खाल्ल्या.

लेक पायाळू म्हणूनच जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या खुब्यांची सोनोग्राफी करायला लावली. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी दाखवलं, डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत बसलेलाच नव्हता. पाय फाकवून धरणारे पट्टे बांधले. ते रात्रंदिवस ठेवायचे. मालिश बंद, पाय जुळवून दुपट्यात गुंडाळणं बंद. एवढं पाळलं तर गोळा आपसूक बसेल, नाहीतर भूल देऊन प्लास्टर.

पट्टे बघून मावशीनं तोंडाला पदर लावला. “बेडकावानी करून ठिवलं की गं लेकरू!” पण मी पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागले तेव्हा लेक तिच्याच मांडीवर सोडली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, “पट्ट्याला बोट लावणार न्हाई. बिलकुल न्हाई.”

पुन्हा सोनोग्राफी झाली. गोळा बाहेरच.

“पट्टे कोण काढतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी भडकलेच. म्हटलं, “आमची मावशी तसलं करणार नाही. तुमच्या मशीनचंच काहीतरी चुकत असेल!”

त्यांनी पट्टे सोडले आणि त्यातला एक उलटा करून माझ्या हातात दिला. आतून तेलकट, ओव्याचा वास. मावशी ओवा टाकून तिळाचं तेल कढवायची, तेच ते.

घरी आले तर ती पायरीवर वाट बघत बसलेली. “बसला का गं गोळा?” मी तो पट्टा तिच्या मांडीवर टाकला.

“दुपारचं उलीसं, घटकाभर मोकळं करीत व्हते माय.” ती रडायला लागली. “मला बघवलं न्हाई. चोळून, पाय जुळवून निजवलं की कशी गाढ झोपायची!”

माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलली! मी तिला त्याच पावली हाकललं.

लेकीला प्लास्टर घातलं, छातीपासून पायापर्यंत. ती रडायची आणि मला तिला धड उराशीही धरता यायचं नाही. सगळ्यात संताप याचा व्हायचा, की अशा वेळी जवळ बसायला मला मावशीच हवी होती.

त्याला दोन वर्षं झाली. परवा दारात हाक आली. मावशी कमरेत वाकून, भिंतीला धरून उभी होती.

“उसण भरली गं. उठवत न्हाई, बसवत न्हाई. पोरीचा पाय येकदा लावू दे पाठीला.” बोलत होती माझ्याशी, पण नजर माझ्यामागं घरभर पळणाऱ्या लेकीच्या पायांवर. “पळती ना गं बराबर?”

“तिच्या पायाला हात लावायचा नाही,” मी म्हटलं. लेकीला कडेवर उचललं आणि दार लावलं.

पायरी उतरायला मावशीला फार वेळ लागला. कडेवर लेक खाली उतरायला पाय झाडत होती.