तारमास्तर काय म्हणाला

हे मी कुणालाही सांगितलेले नाही. मुलीला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवे होते तिला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून सांगतो. हे सोपे आहे, हेही मला कळते.

सुरुवात एका जुन्या संगणकीय खेळापासून करावी लागेल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने खेळांविषयी लिहावे — विचित्र आहे. असो.

इंदू, माझी पत्नी. गुडघे गेल्यावर मेहरूणच्या घराबाहेर पडणे तिने सोडले. तेव्हा मुलीने तिला हे जुन्या धाटणीचे खेळ लावून दिले. चौकोनी ठिपक्यांची चित्रे. माऊसने वस्तू उचलायची, हवी तिथे लावून पाहायची, माणसांशी बोलायचे आणि गोष्ट उलगडत न्यायची. घाई नाही. गुण नाहीत. चुकीच्या कुलपाला चमचा लावला तरी कुणी ओरडत नाही. एकच प्रश्न कितीदाही विचारा — समोरचा माणूस तितक्याच शांतपणे उत्तर देतो. इंदूला याचे फार अप्रूप. का नसावे? तिचा संसार माझ्याबरोबर झाला होता.

खेळ इंग्रजीत, म्हणून मी शेजारी बसून वाचून सांगत असे. पडद्यावर कुणी बोलले की ती तिच्या भडगावकडच्या अहिराणीत विचारी, "हाऊ काय म्हनस?" हा काय म्हणतो, ते मी सांगे. दुपार सरे. त्या दुपारी मला आवडत — हेही तिला कधी सांगितले नाही.

मग बंदराच्या गावाचा एक खेळ आला. त्यातल्या मुलीला बापाच्या मरणाची खबर उशिरा मिळते. उशीर का झाला, ते शोधत ती तारमास्तरापाशी येते. तो मान खाली घालून म्हणतो — तार आदल्याच दिवशी आली होती. मला तू कामावर हवी होतीस, म्हणून मी ती दाबून ठेवली. तुझ्या बापाच्या खोलीची किल्ली या घड्याळामागे आहे.

"हाऊ काय म्हनस?"

मी म्हणालो, "तार उशिरा आली. लाइन खराब होती."

असे का म्हणालो?

आम्ही धुळ्याला होतो तेव्हाची गोष्ट. भडगावहून इंदूच्या भावाचा, नानाचा, माझ्या कचेरीत फोन आला. "दाजी, मायनं काही खरं नही. अक्काले आजच धाडा." मी हो म्हणालो. त्या संध्याकाळी माझे वरिष्ठ घरी जेवायला येणार होते. खास खापरावरचे मांडे खायला. मांडे इंदूलाच येत. हातावर पोळी फिरवून खापरावर टाकायचे ते कसब तिच्या मायने तिला दिलेले. मी घरी आलो आणि गप्प राहिलो. तिने मांडे केले. साहेबांनी वाखाणले. सकाळी कचेरीत जाऊन परत आलो आणि तिला म्हणालो, फोन आत्ता आला. आम्ही पोहोचलो तेव्हा गिरणेकाठी चिता पेटलेली होती.

आदल्या दिवशी का कळवले नाही, असे तिने मला विचारले तेव्हा मी म्हणालो — लाइन खराब असेल, किंवा नानाने आळस केला असेल. आळस हा शब्द माझा. तोच तिने धरला. भाऊबीजेला भडगावला जाणे तिने बंद केले. नाना कधी काही बोलला नाही. जावयाला जाब कोण विचारणार? माझी लबाडी त्याने निमूट वाहिली, आणि मी ती वाहू दिली. वर्षानुवर्षे.

तर तो खेळ. किल्ली कुठे आहे हे न कळल्याने इंदू अडकली. प्रत्येक वस्तू प्रत्येक दाराला लावून झाली. "बठ्ठं करी दखं," सगळे करून पाहिले, असे ती म्हणे, आणि पुन्हा तारमास्तराकडे जाई. तो बिचारा दर वेळी कबूल करी. मी दर वेळी त्याला खोटे बोलायला लावी.

दिवाळीच्या आधी मुलगी आली. इंदूने तिला पडद्यापुढे बसवले — "दख वं माय, हाऊ काय म्हनस?" मुलीने सरळ वाचून सांगितले, तेव्हा इंदू म्हणाली की बाबा तर लाइन खराब होती म्हणतात. मग माझ्याकडे वळून हसली, "बाबा, तुम्ही हे काय वाचत होतात?" मी चष्म्याला दोष दिला.

इंदू हसली नाही. "म्हंजे आदला दिनच आयेल व्हती?" तिने मुलीला विचारले. मुलगी हो म्हणाली. इंदूने घड्याळामागून किल्ली काढली, दार उघडले. पण आत गेली नाही. माऊस बाजूला ठेवून मुलीला नानाचा नंबर लावायला सांगितला.

"नाना, अवंदा भाऊबीजले मी येस. पाट नको मांडू, खुर्ची ठेवजो. गुडघा वाकत नही."

फोन तिने मुलीला परत दिला. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

भाऊबीजेला ती मुलीबरोबर गेली. मला चल म्हणाली नाही. मला अजून तिने काही विचारलेले नाही, आणि मीही काही सांगितलेले नाही. फोन आदल्या दिवशी दुपारी आला होता. मी तो दाबून ठेवला.