एकादशीचं थालीपीठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय ते विचारू नका — मलाच नीट कळलेलं नाही.

आधी थोडी फुशारकी ऐकून घ्या. आमच्या म्हैसूरच्या घराचं सगळं खाणं मी बदललं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. सासूबाईंना साखरेचा आजार. नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान. दिवसभर मशीनपुढे बसून पोट सुटलेलं. सांगून ऐकणाऱ्यातलं दोघांपैकी कुणीच नाही. मग पोळीच्या कणकेत मूठभर रागीचं पीठ गेलं, पुढच्या महिन्यात आणखी थोडं. पांढऱ्या तांदळात हातसडीचा मिसळत गेला. कॉफीतली साखर तर इतकी सावकाश उतरवली की आता बाहेरची कॉफी दोघांना पाक वाटते. संध्याकाळचे बोंडे जाऊन उसळ आली. सासूबाईंच्या तपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी माझ्याकडे बघत मान डोलावली, तेव्हा मी फुलून गेले — का जाऊ नये?

राहिली एकादशी.

नवरा तान्हा असताना मरता मरता वाचला, तेव्हा सासूबाईंनी विठ्ठलापुढे एकादशी बोलली. त्या दिवशी धान्य नाही, डाळ नाही. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, बस्. दुसऱ्या दिवशी साखर चढायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा न्हाणीघरात पडल्या. डॉक्टर म्हणाले, उपास सोडा. त्या म्हणाल्या, त्यापेक्षा जीव सोडीन.

मी साबुदाणा बंद केला आणि वरीच्या पिठाचं थालीपीठ सुरू केलं. ते त्यांना आवडलं. इथंच थांबायला हवं होतं — नाही का? वरीनंही साखर चढतच होती, हे खरं. पण राजगिरा होता, शेंगदाणे होते, भोपळा होता. चारदा समजावलं असतं तर कुरकुर करत का होईना, त्यांनी ऐकलं असतं. पण समजावायची मला सवयच राहिली नव्हती. गुपचूप जिंकायची चटक लागली होती.

मी सालीचे हिरवे मूग खमंग भाजले, दळले आणि वरीच्या पिठात मिसळले. वर काकडी सालासकट किसून घातली. त्या हिरव्या रंगात मूग खपून गेले.

हो. मुलाच्या जिवासाठी जिनं डाळीचा कण वर्ज्य केला, तिला मी दर एकादशीला डाळ खाऊ घातली. वर्षानुवर्षं, जाणूनबुजून, माप घेऊन.

देवळातल्या भजनाच्या बायकांनी कृती विचारली. सांगितली — मूग वगळून. पुढच्या भजनाला त्यांची तक्रार आली, "नोडी, बघा की, आमचं तव्यावर मोडतंय, तुमचं कसं हो मोडत नाही?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "तिच्या हाताला गुण आहे." मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय? खरं सांगू — मला अभिमान वाटला.

मग मागच्या एका द्वादशीला, पारणं झाल्यावर, त्यांनी मला देवापुढे बोलावलं. आपल्या एकादश्यांचं पुण्य त्यांना मला द्यायचं होतं. आमच्यात तसं देतात, हातावर पाणी सोडून. मी मागं सरले.

"सुम्ने, गुमान हात पुढं कर गं," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळंच निभलं माझं व्रत."

मी हात पुढं केला. त्यांनी पळीभर पाणी सोडलं, वर तुळशीचं पान ठेवलं. तेव्हा सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं — कुठलं पुण्य, सासूबाई? काय उरलंय द्यायला? पण त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, आणि माझी छाती अशी भरून आली होती, की मी वाकून नमस्कार केला. पाणी अंगणातल्या तुळशीत ओतलं.

त्या ऐंशीच्या घरात आहेत. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. हे माझं काम. आपल्या देवाशी त्या खोट्या पडल्यात, तेही माझंच काम.

काल एकादशी होती. सकाळी उठून मी मूग भाजले.