डिफरन्शियलमधली केळी
पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास आला की मी आजही उठून बाहेर जातो. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी खामगावच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो आणि आमच्या शेठने विकायला एक जुना ट्रक घेतला होता. जुनं तेल काढायचं होतं, ते पातळ व्हावं म्हणून मी तो फिरवून आणला, डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या चाकांमधल्या दात्यांच्या पेटीखाली, घमेलं ठेवून पान्ह्याने बोल्ट सोडला, तर तेलाबरोबर भुसा आणि कुजक्या केळ्यांचा लगदा माझ्या हातावर कोपरापर्यंत ओघळला. झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला आधीच्या मालकाने तो भरला होता. शेठ म्हणाले, "तोंड काऊन वाकडं करून राह्यला बे? ताजा भर, दुसरबीडचं गिऱ्हाईक उद्या येते." मी भरला. दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईक आलं, एक शेतकरी; त्याने ट्रक चालवून पाहिला, आवाज नाही म्हणून खूश झाला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हाताले गुण हाय." त्या हाताने मी पुन्हा केळं सोललेलं नाही.