छापील बाई

छापील बाईंनी दहा वर्षांत माझ्या दुकानातून कापसाचा एक बोळासुद्धा विकत घेतला नाही. येत मात्र रोज. कधी कधी दिवसातून तीनदा. रामदासपेठेत माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. कात्र्या, चिमटे, सुया, ऑपरेशनचं टेबल, सगळं मिळतं. त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. परदेशातले डॉक्टर ऑपरेशन आटोपल्यावर काय कापलं, कशानं धरलं, कसं शिवलं ते बोलून रेकॉर्ड करतात. ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, हे त्या ऑफिसचं काम. एखादं नाव ओळखीचं नसलं की बाई पुस्तकात शोधत. तिथं नाही मिळालं तर दुसऱ्या पुस्तकात. तिथंही नाही मिळालं की जिना उतरून माझ्या डोक्यावर येऊन उभ्या राहत.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना गिऱ्हाईक समजलो. खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला.

"तुमच्याकडे बुलडॉग आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे ना मॅडम. सरळ पाहिजे का वाकडा? किती देऊ?"

"घ्यायचा नाही. बघायचाय."

रक्तवाहिनी दाबून धरायच्या एका लहानशा चिमट्याला आमच्या लाइनमध्ये बुलडॉगच म्हणतात. डॉक्टरनं ते नाव घेतलं तेव्हा वरच्या मुली हसल्या होत्या म्हणे. बाई हसल्या नव्हत्या. त्यांच्या पुस्तकात त्याच्यावर एकच ओळ होती, चित्र नव्हतं, आणि तेवढ्यावर त्यांचं भागलं नव्हतं. मी चिमटा काढून दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा केला, त्याची स्प्रिंग दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "याचं नाव बुलडॉग आहे हे कुठं छापलेलं आहे?"

"मी सांगून राहिलो ना मॅडम."

"तुम्ही सांगून राहिले ते मी ऐकलं. आता छापील दाखवा."

मी कपाटावरून कंपनीचा कॅटलॉग काढला, धूळ झटकली, पान दाखवलं. बाईंनी पेन्सिलीनं पानाचा नंबर वहीत उतरवला, आभार मानले आणि जिना चढून गेल्या. मी पंखा परत माझ्याकडे वळवला. त्या दिवसापासून माझ्यासाठी त्या छापील बाई झाल्या. समोर मात्र मी मॅडमच म्हणायचो.

मला हे लागण्याचं कारण सांगतो. मी अठराव्या वर्षी काटोलहून नागपुरात आलो तेव्हा माझ्याजवळ भांडवल म्हणून फक्त जीभ होती. खांद्यावर बॅग घेऊन दवाखान्यादवाखान्यांत फिरलो. ज्या डॉक्टरांनी माझ्याकडून पहिली कात्री घेतली त्यांनी ती माझ्या शब्दावर घेतली. दुकान उभं राहिलं ते शब्दावरच. आणि ही बाई दहा वर्षांत एकदाही माझ्या शब्दावर गेली नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना तारीख सांगितली. त्यांनी छान म्हटलं, स्थळाची चौकशी केली आणि शेवटी विचारलं, "पत्रिका छापून आली का?" पत्रिका हातात पडल्यावरच त्यांनी सुटीचा अर्ज दिला.

त्यांची पुस्तकं तीन होती. एक वैद्यकीय शब्दकोश, उशीएवढा जाड. एक नुसत्या ऑपरेशनच्या शब्दांचं. तिसरं हत्यारांच्या चित्रांचं. तिन्हींना खाकी कव्हर घातलेलं आणि आत खुणेसाठी बसची जुनी तिकिटं. ऑफिसनं पुस्तकं द्यायला नकार दिला म्हणून ती त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली होती. पाहिलेल्या प्रत्येक शब्दापुढं पेन्सिलीची बारीक टिक असे. मी एकदा म्हटलं, "मॅडम, आता सारं मोबाइलवर भेटते. हे वजन काहून उचलता?"

"मोबाइलवर कोणीही काहीही लिहितं भाऊ. पुस्तकात चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत कोणाला तरी लाज वाटते."

छापलेल्या गोष्टीवर मात्र त्यांचा इतका विश्वास की पाहवत नसे. मिक्सर घ्यायला गेल्या आणि डब्यावरची किंमत देऊन आल्या. डब्यावरची किंमत म्हणजे बोलणं सुरू करायची जागा असते, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. एकदा दुकानासमोरच्या ठेल्यावरून संत्री घेत होत्या. ठेलेवाल्यानं भाव सांगितला आणि त्यांनी पर्स उघडली. मी काटोलचा, संत्र्यांच्या गावचा माणूस, माझ्यानं बसवलं नाही. बाहेर गेलो आणि त्या ठेलेवाल्याला तो माल कोणत्या बागेतला, कधीचा तोडलेला आणि खालच्या थरात काय दडवलंय ते ऐकवलं. भाव निम्म्यावर आला. बाई पिशवी धरून चोरासारख्या उभ्या होत्या.

"त्यानं सांगितली तीच किंमत असेल ना भाऊ," त्या म्हणाल्या.

"मॅडम, किंमत अशी असत नाही. ती बनवावी लागते."

"आणि नाव? तेही तुम्ही असंच बनवता का?"

मी चिडून विचारलं, "माझं तोंडी चालत नाही, ठेलेवाल्याचं तोंडी चालते, हे कसं काय?"

"तो चुकला तर वीस रुपयांनी चुकेल," त्या म्हणाल्या आणि पिशवीतली दोन संत्री माझ्या काउंटरवर ठेवून वर गेल्या.

आता माझ्या नुकसानीकडे येतो. मनीषनगरात एक नवं हॉस्पिटल होत होतं आणि त्यांच्या ऑपरेशन थिएटरचं सगळं सामान एकाच दुकानातून जाणार होतं. तीन महिने मी त्यांच्या पायऱ्या झिजवल्या. एवढी मोठी ऑर्डर मला आयुष्यात मिळाली नव्हती. खरेदी हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांच्या मेहुण्याकडे होती. शेवटच्या दिवशी तो दुकानात आला, यादी काउंटरवर पसरली आणि आम्ही एकेका वस्तूवर भिडलो. माणूस तयारीचा होता, पण मीही कमी नाही. दोन तासांत सगळं ठरलं. एकच हत्यार उरलं. जखम दोन्ही बाजूंनी ताणून उघडी धरायचं, एका जुन्या सर्जनच्या नावानं ओळखलं जाणारं. मी कपाटातून काढून त्याच्या हातात दिलं, नाव घेतलं, चहा सांगितला. तेवढ्यात बाई हत्यारांच्या चित्रांचं पुस्तक छातीशी धरून जिना उतरल्या.

त्यांचं काम वेगळंच होतं. पण काउंटरवरची वस्तू त्यांनी पाहिली आणि थांबल्या. "हे कोणतं म्हणालात भाऊ?"

मी परत नाव सांगितलं, जरा जोर देऊन, म्हणजे गप्प राहायचं हे त्यांना समजावं. त्यांना समजलं नाही. त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं, बसचं तिकीट बाजूला केलं आणि म्हणाल्या, "हे ते नाही. त्याला चार दात असतात आणि ते बोथट असतात. याला तीन आहेत, टोकदार. हे बघा, छापलंय."

मेहुण्यानं पान पाहिलं, हत्यार पाहिलं. "काहून भाऊ, हे ते नाही का मंग?"

"अरे, मार्केटमंधी सगळे यालेच ते म्हणते," मी म्हटलं.

"मार्केटले टाके घालाचे आहे का आमाले?" तो म्हणाला. त्यानं मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला, यादीची घडी केली आणि चहा यायच्या आत निघून गेला. ऑर्डर दुसऱ्या दुकानात गेली. एका हत्याराची नाही, सगळीच्या सगळी.

मला माहीत होतं का? अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं माहीत करून घ्यायची माझी इच्छा नव्हती. त्या बनावटीची वस्तू मी अनेक वर्षं त्याच नावानं विकली होती आणि कोणी एक शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी मी बाईंना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ऐकून टाइप करणाऱ्या बाईनं टाइपच करावं, दुसऱ्याच्या दुकानात दात मोजत बसू नये, एवढं सांगतो, त्यातलं सगळ्यात सौम्य. त्या ऐकून घेत होत्या. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही नुसतं हत्यार म्हणाला असता तर मी गप्प राहिले असते भाऊ. तुम्ही नाव घेतलं."

रात्रभर मला आणखी बोलण्यासारखं सुचत राहिलं, म्हणून सकाळी मी ते बोलायला दुसऱ्या मजल्यावर गेलो. बाई कामात होत्या. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, स्टुलावर बसायची खूण केली आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःचा हेडफोन माझ्या कानावर चढवला. आत एक दमलेला माणूस बोलत होता. इंग्रजी मला कामापुरतं येतं. पोट उघडलं, हे बाजूला केलं, ते बांधलं, मग एक नाव, मग घसा खाकरणं. बाईंनी टाइप केलेल्या पानावर त्या नावाच्या जागी नुसती मोठी रेघ होती, अंदाजानं लिहिलेलं एक अक्षरही नाही.

"दोन दिवस झाले," त्या म्हणाल्या. "तिन्ही पुस्तकांत नाही. जागा सोडून पाठवते आहे."

"काहीतरी भरून द्या ना. कोण पाहून राहिलं?"

"तेच तर. रिकामी सोडली तर तो डॉक्टर विचारेल. चुकीचं भरलं तर कोणीच विचारणार नाही. पाच वर्षांनी या पेशंटचं पोट परत उघडायची वेळ आली, तर उघडणारा डॉक्टर दुसरा असेल. त्याच्याजवळ माझा कागदच असेल, मी नसेन."

मी हेडफोन काढून ठेवला. भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन खाली आला. पण माफ केलं असं कोणी समजू नये. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

महिनाभरानं त्या पुस्तक घेऊन खाली आल्या, जणू काही झालंच नाही. मी म्हटलं, "दुकान बंद आहे." शटर पूर्ण वर होतं, दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "उघडलं की सांगा." आणि स्टूल ओढून बसल्या. अर्ध्या तासानं मी कॅटलॉग त्यांच्यापुढं आपटला. त्यांनी पान शोधलं, नंबर उतरवला. त्या तीन दातांच्या मालाचं मी काय केलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की आता भावयादीवर नावाऐवजी 'तीन दात, टोकदार' एवढंच लिहितो आणि तो माल अजून पडून आहे.

मग त्यांच्या ऑफिसनं एक सॉफ्टवेअर आणलं. ते रेकॉर्डिंग ऐकतं आणि स्वतःच टाइप करतं. बाईंकडे ते वाचून दुरुस्त करायचं काम राहिलं. मी विचारलं, कसं आहे. त्या म्हणाल्या, "हुशार आहे. पण जागा सोडतच नाही. ज्या नावाचं त्याला काही माहीत नाही, तिथंही छातीठोकपणे काहीतरी ठेवून देतं. मला तुमची आठवण येते भाऊ."

हळूहळू वरच्या मुली कमी झाल्या, ऑफिसला कुलूप लागलं. बाई काही दिवस घरून काम करत होत्या. मग त्यांच्या मुलीनं त्यांना पुण्याला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"भाऊ, एक शेवटची फाइल आहे. मानेचं ऑपरेशन. सॉफ्टवेअरनं एका चिमट्याचं नाव टाकलंय, ते मला पटत नाही." त्यांनी ऐकू येतं ते सांगितलं आणि डॉक्टरनं त्या चिमट्यानं काय केलं तेही सांगितलं. "माझी पुस्तकं ट्रकमध्ये सामानाच्या तळाशी गेली. तासाभरात फाइल द्यायची आहे. तुम्ही सांगा, मी तेच लिहिते."

नाव माझ्या जिभेवर तयार होतं. तोंड उघडलं आणि बंद केलं. "पाच मिनिटं थांबा मॅडम," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

कॅटलॉग काढला. एक नाही, होते नव्हते तेवढे सगळे. दारातल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं. माझ्या जिभेवर होतं त्या नावाचा चिमटा सापडला, पण तो सरळ होता. बाईंच्या डॉक्टरनं वापरलेला टोकाला वळलेला होता. त्याच्यासारखा दुसरा होता, तो लांबीला दुप्पट. मानेत तो जाणारच नाही. पाचाची चाळीस मिनिटं झाली. मी फोन लावला.

"नाही भेटून राहिलं मॅडम."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"वाटते त मले लय काही. जागा सोडून द्या."

पलीकडून ट्रकवाल्याचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "बरं भाऊ." दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला गेल्या.

दहा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते त्या दुपारी आपणहून चालत आलं होतं, आणि मीच ते दारातून परत पाठवलं. बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही. फक्त आता रागवायला बसलो की त्यात मला स्वतःलाही धरावं लागतं.