वरची मूठ

खडू उचलायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "समजा." आमच्या संख्याशास्त्राच्या सरांचा प्रत्येक तास असाच सुरू व्हायचा. समजा, एका पिशवीत पाच पांढरे आणि तीन काळे चेंडू आहेत. समजा, न पाहता एक काढला.

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. मला मात्र तो शब्द ऐकला की संताप यायचा. मी मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, पोती उचलून जालन्याच्या कॉलेजात आलेला.

"सर, चेंडू भरले कुणी?"

"कुणीही भरू दे. पिशवी हलवलेली आहे असं समज."

"आमच्याकडं न हलवताच दाखवतेत, सर."

वर्ग हसला. सरही हसले आणि पुढचं शिकवू लागले.

माणूस खडूस नव्हता. माझी मंठ्याची गाडी चुकली की स्टँडवर शेजारी बसायचे. उभ्या एसटीच्या धुळकट पत्र्यावर बोटाने उदाहरण मांडायचे आणि म्हणायचे, "सोडव, तोवर गाडी येईल."

सराव परीक्षेत उदाहरण आलं: कापसाच्या गाडीतून दहा मुठी काढल्या, त्यांत दोन कवडी, म्हणजे किडक्या-डागी कापसाच्या निघाल्या, तर गाडीत कवडी किती? मी लिहिलं, 'मुठी वरून काढल्या असतील तर सांगता येत नाही. विकणारा पांढरा कापूस वर पसरतो, कवडी तळाला दडपतो.'

शून्य. त्या एका शून्याने मी नापास झालो आणि वार्षिक परीक्षेला बसता येईना. सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर व्हायचं होतं मला.

"दहापैकी चार द्या, सर. बरं, तीन."

"इथं भाव होत नसतो. उदाहरण सोडवायचं असतं, त्याच्याशी भांडायचं नसतं."

वडील म्हणाले, "आनखी एका वर्साचा खर्चा झेपायचा न्हाई." कॉलेज सुटलं. पुढे मोंढ्यातच अडत टाकली, पण राग गेला नाही.

कॉलेज सुटलं त्याच्या पुढच्या वर्षी जालन्याला गेल्तो. ठरवून वर्गाच्या दारापर्यंत गेलो. आत सर सांगत होते, "समजा, कापसाची गाडी आहे. तीन मुठी वरून, तीन मधून, चार तळातून काढल्या."

"तळातून कशाला, सर?" एका पोराने विचारलं.

"मंठ्याच्या एका विद्यार्थ्यानं शिकवलं मला. त्याचं बरोबर होतं."

मी सरळ आत गेलो. "बराबर होतं, मंग मार्क?"

सरांचा खडूचा हात खाली आला. "तुझं वर्ष गेलं रे," एवढंच म्हणाले. पोरं माझ्याकडे बघत राहिली. शिव्या तोंडापर्यंत आल्त्या. त्यांचा चेहरा बघून गिळल्या आणि निघालो.

पुन्हा गाठायचं ठरवलं, तोवर सर नोकरी सोडून आपल्या गावी गेले होते. गाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी आत घुसलो होतो त्या वर्गातल्या सगळ्या पोरांना त्या उदाहरणाला दहापैकी दहा पडले असतील, माझ्याच उत्तराच्या जोरावर.