इंदिराअक्कांनी भरलेली ओटी

इंदिराअक्कांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या पदरामुळे. लग्न होऊन सांगलीहून बंगलोरला आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी बोळातल्या नळाशी घागर घेऊन उभी होते. नळ कोरडा ठणठणीत होता, पण नव्या सुनेला ते कोण सांगणार! तेवढ्यात मागून कुणीतरी पदर धरला. वळून बघते तर पन्नाशीची एक काटक बाई, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, माझा पदर अंगठ्यात आणि बोटात धरून चोळत होती. "इचलकरंजीचं सूत. धुऊन आटलं नाही, चांगलं आहे," ती म्हणाली, आणि मग निऱ्यांकडे वाकून, "फॉल कुणी लावला गं?" आईनं लावलाय, असं मी सांगितलं. "सरी. आईला सांग, स्वल्प सैल धरायला पाहिजे होता. आणि पाणी आज नाही, परवा. जा घरी." माझं नाव त्यांनी विचारलं ते पुढं आठवड्याभरानं.

अक्कांचं घराणं शिंप्यांचं. त्यांचे खापरपणजोबा कधीतरी साताऱ्याकडून खाली आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठीच बोलायचे, पण तिच्यात ‘सरी’ म्हणजे ‘बरं’ असलं कन्नड इतकं मुरलेलं, की सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही आणि माझं बोलणं ऐकून त्यांना हसू आवरायचं नाही. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. चिकपेटेतल्या एका घाऊक साड्यांच्या दुकानातून रोज सकाळी बोजा यायचा. अक्का दारातल्या चटईवर बसून साड्यांना फॉल लावायच्या, कडा दुमडून शिवायच्या आणि संध्याकाळी बोजा परत पाठवायच्या. दोरा तोडण्याआधी तीन टाके उलटे घालायची त्यांची पद्धत होती. "एक सुटला तरी दोन राहतात की," असं त्या म्हणायच्या. तो टाका मी आजही कुठेही ओळखीन.

काम करताना अक्का मान वर करत नसत. सगळ्या बोळाशी त्या खाली बघूनच बोलायच्या. कुणी नको ते बोलायला लागलं, की मान आणखी खाली घालून दातानं दोरा तोडायच्या, आणि तेवढ्यानं समोरचं माणूस गप्प व्हायचं. पण सुई थांबवून मान वर केली आणि सरळ तोंडाकडे बघितलं, की समजायचं, आता उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. एकदा नवऱ्याशी भांडून मी पिशवी भरून माहेरी निघाले होते, तेव्हा त्यांनी तसं बघितलं होतं. मी तिथंच पायरीवर बसले आणि खरं कारण सांगून टाकलं. ते इतकं फुटकळ होतं की सांगता सांगता मलाच लाज वाटली.

मला नोकरी लावून दिली तीही अक्कांनीच. माझं अक्षर बरं आहे. ते मला ठाऊक होतं आणि त्याचा तोराही होता. अक्का मला त्याच दुकानात घेऊन गेल्या आणि शेठजींना म्हणाल्या, "हिच्याकडून पत्ता लिहून घ्या, पोस्टमन पाया पडेल." तेव्हापासून पार्सलांवर नावं-पत्ते लिहायचं काम मला मिळालं. नवरा बोम्मसंद्रच्या कारखान्यात लेथवर होता, तिथं सहा महिने काम आणि दोन महिने घरी बसणं असा प्रकार चालायचा. त्यामुळं आमची चूल बऱ्याचदा माझ्या अक्षरावरच पेटायची.

लग्नसराईत अक्कांकडे भारी रेशमी साड्या यायच्या. हात धुऊन, मांडीवर पांढरं धोतर अंथरून त्या अशा साडीला हात घालायच्या. "ही एक दिवस नेसणार आणि कपाटात ठेवणार. मी हिच्यावर दोन दिवस वाकले," त्या म्हणायच्या. त्या म्हणण्यात हेवा नसायचा. मी एकदा विचारलं, "अक्का, राग नाही येत?" तर म्हणाल्या, "साडीचा कसला राग? नेसू दे की. पण तिच्या लग्नात हात धुवायला कारंजं आणि आपल्याला चार दिवसांनी दोन घागरी, ह्याचा येतो."

ते कारंजं आमच्या बोळाच्या वरच्या अंगाला असलेल्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात होतं. मंटपाच्या मालकांना सगळे साहेब म्हणत. आमच्या बोळासाठी पाण्याची नवी लाईन मंजूर झाली, पाईप येऊन पडले, चर खणला गेला. आणि एके सकाळी बघतो तर चर बोळाच्या तोंडाशी वळून थेट मंटपाकडे गेलेला. अक्का पाच-सहा बायकांना घेऊन अर्ज देऊन आल्या. मग दुसरा अर्ज, मग तिसरा. कचेरीतला माणूस त्यांना बघितल्यावर बाकावरची धूळ झटकायला लागला, एवढीच प्रगती.

त्याच वर्षी महापालिकेची निवडणूक आली आणि साहेब आमच्याच वॉर्डातून उभे राहिले. वरमहालक्ष्मीच्या सणाला, म्हणजे इकडे श्रावणात घरोघरी लक्ष्मी मांडतात तेव्हा, बोळातल्या प्रत्येक घरी हळदकुंकू, नारळ आणि साडी आली. पोपटी रंग, पिवळा काठ, सगळ्यांना एकच. आणून देणारी माणसं नाव सांगत नव्हती, नुसतं "साहेबांची आठवण ठेवा" म्हणत होती. पहिल्याच धुण्यात बादलीभर पाणी हिरवं झालं, आणि त्या बादलीसाठी आम्ही चार दिवस वाट बघितलेली. बायका चिडल्या त्या तिथं.

त्या साड्या कुठून आल्या ते बोळात दोघींनाच माहीत होतं. पार्सलांवर मंटपाचा पत्ता मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिला होता. आणि तागे कापून त्यांच्या कडा शिवायचं काम अक्कांकडे आलं होतं. कुणासाठी, हे त्यांना शेवटचा गठ्ठा पोचवताना कळलं.

"परत देऊया," अक्का म्हणाल्या. बायका घाबरल्या. सणाची साडी, वर हळदकुंकू लावलेली, ती परत देतात का कुठं? लक्ष्मी पाठ फिरवेल. एक-दोघींनी तर कानाला हात लावले. अक्का खाली मान घालून टाके घालता घालता म्हणाल्या, "परत कशाला? ओटी भरूया. साहेबांच्या बायकोला नवरात्रात बोलवायचं आणि आपल्या घरी आलेली तीच साडी घालून ओटी भरायची. ह्याच्यात वाईट काय आहे, सांगा बघू." बायकांना ते पटलं. मी मात्र हळूच म्हटलं, "अक्का, शेठजींना कळलं तर? आणखी निवडणुका आहेत, साहेबांसारखी गिऱ्हाइकं ते सोडणार नाहीत. तुमचं काम जाईल." अक्कांनी मान आणखी खाली घातली आणि दातानं दोरा तोडला.

नवरात्रात बंगलोरला घरोघरी पायऱ्या करून बाहुल्या मांडतात. आम्ही नळाभोवती खोक्यांच्या नऊ पायऱ्या केल्या, वर पांढरं कापड अंथरलं आणि बाहुल्यांच्या जागी रिकाम्या घागरी मांडल्या. पितळेच्या, प्लॅस्टिकच्या, एक तर बूड गेलेली. प्रत्येकीला कुंकू लावलं. मधे कोरडा नळ, त्याला झेंडूचा हार. दुपारी चारच्या सुमारास साहेबांची बायको आली. बाई तशी हसतमुख, निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याच बोळाचं आमंत्रण मोडत नव्हती. तिच्यामागं चार बायका आणि प्रचाराचे फोटो काढायला आणलेला सांजपेपरचा फोटोवाला. घागरी बघून ती थोडी गोंधळली, पण तोवर अक्कांनी तिला पाटावर बसवलं होतं.

कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ घातला. मग पहिल्या घरची साडी घातली. मग दुसऱ्या घरची. ओटी भरताना पदर मागं ओढून घेता येत नाही, हे तिलाही कळत होतं. बायका एकेक पुढं येत होत्या, साडी घालत होत्या, नमस्कार करत होत्या आणि जी ती एकच वाक्य म्हणत होती, "अम्मा, आम्हाला पाणी द्या." दहा-बारा साड्या झाल्या, पोपटी ढीग तिच्या छातीपर्यंत आला. फोटोवाला फोटो काढतच होता. त्याला थांबवावं हे कुणाला सुचलंच नाही.

मग बाई एकदम म्हणाली, "इदु नम्मदल्ला! ह्या साड्या आमच्या नाहीतच. आम्ही साड्या वाटतच नाही. दुसऱ्या कुणीतरी वाटल्या असतील आमचं नाव घेऊन." रांगेतल्या बायका थबकल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. खरंच की, नाव कुणी कुठं सांगितलं होतं?

अक्का तबक घेऊन पाटाशेजारी बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: पत्ता मी लिहिलाय. माझ्या तोंडात ते तयार होतं. पण नवरा त्या महिन्यात घरी बसलेला होता, घरात भाड्याची चणचण होती, शेठजींचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मी तबकातल्या कुंकवाकडे बघत राहिले. ते कुंकू मला अजून दिसतं.

अक्कांनी तबक खाली ठेवलं. ढिगातली एक साडी उचलली, तिची कड उलटी केली आणि म्हणाल्या, "अम्मा, हे बघा तीन उलटे टाके. हे माझे. सगळ्या साड्यांना आहेत, बघून घ्या. शेवटचा गठ्ठा हातगाडीवर घालून मी स्वतः तुमच्या मंटपात आणून दिला. ऊन होतं, तुम्ही मला ताक दिलंत. आठवतं?" बाईला आठवलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. अक्का आवाज न चढवता पुढं म्हणाल्या, "ताक चांगलं होतं. त्यातलं पाणी आमच्या नळाचं होतं." मग रांग पुन्हा सुरू झाली ती शेवटच्या साडीपर्यंत. माझ्या वाट्याची साडी मीही घातली. "पाणी द्या" एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं.

साहेब निवडून आले. ते येणारच होते. पण घागरींच्या बाहुल्यांचा फोटो सांजपेपरात आला, दुसऱ्या दोन-तीन बोळांनीही तशाच घागरी मांडल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या बोळाचा चर पुन्हा खणला गेला.

अक्कांचं काम मात्र फोटो छापून आला त्याच दिवशी गेलं. निरोप द्यायला शेठजींनी मलाच पाठवलं. "उद्यापासून बोजा येणार नाही, अक्का," एवढं मी कसंबसं म्हटलं. "सरी," त्या म्हणाल्या. "चहा टाकते, बस." चिकपेटेतल्या इतर दुकानांनीही त्यांना काम दिलं नाही. दोन महिन्यांत त्या खोली सोडून आनेकलला भावाकडे गेल्या आणि बोम्मसंद्रच्या एका शिलाई कारखान्यात लागल्या. ज्या बाईचा टाका रेशमावर पडायचा, ती दिवसभर उभं राहून शर्टांचे सुटलेले दोरे कापायची.

नळाला पाणी आलं त्या सकाळी बोळात लग्नघरासारखी गडबड होती. मी पहिला कॅन भरला, झाकण घट्ट लावलं आणि आनेकलची बस धरली. रविवार होता, अक्का घरीच होत्या. कॅन बघून त्या पोट धरून हसल्या. "अगं वेडे, आनेकलला विहीर आहे की!" मग पेला आणून भरला आणि बसून सावकाश प्यायल्या. मला रडू आलं. मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." त्यांनी पेला खाली ठेवला. "अगं, तू बोलू नको म्हणूनच मी तुझ्याकडे बघितलं. एका बोळातली दोन कामं कशाला जायला पाहिजेत?" आणि माझा पदर हातात घेऊन, नवी साडी कुठली, असं विचारायला लागल्या.

किती हलकी होऊन मी त्या दिवशी परतले! त्यानंतर वर्षभरात नवऱ्याला सांगलीजवळ काम मिळालं आणि आम्ही बंगलोर सोडलं. निघताना अक्कांनी माझ्या दोन साड्यांचे फॉल उसवून पुन्हा लावून दिले. पुढं दोन-चार पत्रं झाली. मग त्यांच्या भावाचं आलं, अक्का गेल्या म्हणून. त्यांनी लावून दिलेल्या त्या दोन साड्यांपैकी एकीचा फॉल अजून शाबूत आहे. साडी विरली, पण मी ती टाकत नाही. कधीतरी काढते आणि ते तीन उलटे टाके बोटांनी चाचपते. त्या दारातल्या चटईवर पुन्हा एकदा जाऊन बसावं, असं फार वाटतं.

आणि तसं बसता आलं, तर अक्कांना एक गोष्ट सांगायची आहे. आनेकलच्या त्या दुपारी तुम्ही जे सांगितलंत, त्यावर मी बरीच वर्षं विश्वास ठेवला. ठेवायला बरा होता. पण मी चार वर्षं तुमच्या दारात बसलेली आहे, अक्का. कुणी गप्प बसावं असं वाटलं, की तुम्ही खाली बघून दोरा तोडायच्या. त्या दिवशी तुम्ही मान वर केली होती.